धूर कोणता, वास कसला: कोकणातल्या गाडीचं दुखणं सायलेन्सरवरून ओळखताना

जुलैतली सकाळ, रात्रभर पाऊस, अंगणात उभी गाडी चालू केली की मागून पांढरे लोट. कोकणात हे दृश्य बघून दोन प्रकारची माणसं दोन प्रकारे फसतात. एक घाबरून गॅरेज गाठतो आणि धडधाकट इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उघडून बसतो. दुसरा ‘पावसाळ्यात वाफ यायचीच’ म्हणून सोडून देतो आणि आंबा घाटात, भर चढणीला, टेम्परेचरचा काटा लाल पट्टीत जातो. दोघांनीही धुराचा फक्त रंग पाहिलेला असतो.

रंग ही अर्धीच खूण आहे. धूर केव्हा येतो (थंड इंजिनावर, गरम झाल्यावर, चढात की उतार संपताना), किती वेळ टिकतो, त्याला वास कसला आहे आणि त्याच काळात कोणतं द्रव कमी झालं, या चार गोष्टी जोडल्याशिवाय पाना उचलू नये. यातलं बहुतेक काम घरी, अर्ध्या तासात आणि जवळजवळ फुकट होतं.

आदल्या रात्रीची तयारी

गाडी सपाट जागी, उघड्यावर उभी करा. पडवीत, मांगरात किंवा बंद शेडमध्ये ही तपासणी करायची नाही. एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि बंद जागेत काही मिनिटांत माणूस बेशुद्ध पडू शकतो. गाडी किमान आठ तास बंद हवी. दुपारी बाजारात जाऊन आलेली गाडी संध्याकाळी तपासून काही कळत नाही.

इंजिनाखाली मोठा पुठ्ठा पसरा. जांभ्याच्या अंगणात किंवा लाल मातीत पडलेला थेंब मुरून जातो, सकाळी काही दिसत नाही. पुठ्ठ्यावर तो राहतो आणि बोलतो: तपकिरी-काळा म्हणजे ऑइल, हिरवा-गुलाबी म्हणजे कूलंट, आणि स्वच्छ पाणी म्हणजे बहुधा एसीचं, ते सोडून द्या.

कूलंटच्या बाटलीवर आत्ता पातळी जिथे आहे तिथे मार्करने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. डिपस्टिक पुसून परत घालून ऑइल बघा, मोबाइलवर फोटो काढा. ‘थोडं कमी झालंय बहुतेक’ या वाक्यावर कोणतंही निदान होत नाही. रेघ लागते.

सकाळची चाचणी

सोबत एक माणूस घ्या. तो गाडी चालू करेल, तुम्ही मागे बाजूला उभे राहा, थेट सायलेन्सरच्या नळीसमोर नको. हातात पांढरा टिश्यू किंवा जुन्या धोतराचा तुकडा.

चालू करण्याआधी बॉनेट उघडा. वाडीत महिना-दोन महिने उभी राहिलेल्या गाडीत उंदरांनी सोडण (नारळाची सालं), पेंढा, पातेरा (सुका पाला) आणून एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीजवळ) किंवा एअर फिल्टरच्या डब्यात घरटं केलेलं असतं. ते काढल्याशिवाय चावी फिरवली तर जळक्या पेंढ्याचा वास येतो. पुढे काय पेटेल ते नशीब. पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि वायरी कुरतडल्यात का, तेही याच वेळी बघून घ्या.

आता गाडी चालू करा, रेस देऊ नका. पहिल्या दोन-तीन सेकंदांत काय बाहेर पडतं ते सगळ्यात महत्त्वाचं. निळसर भपकारा येऊन थांबला तर लिहून ठेवा. टिश्यू नळीपासून वीतभर अंतरावर अर्धा मिनिट धरा. वाळवल्यावर त्यावर काही उरलं नाही तर ते नुसतं पाणी. तेलकट कडा उरली तर ऑइल किंवा न जळलेलं डिझेल, वासावरून फरक कळतो. कोरडे काळे कण म्हणजे काजळी. गोडसर वासाचा चिकट डाग म्हणजे कूलंट. तो डाग चाखून बघणारे महाभागही असतात. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल विष आहे, कुत्र्या-मांजरांनाही त्याच्यापासून लांब ठेवा.

गाडी दहा मिनिटं तशीच चालू ठेवा, काटा नेहमीच्या जागी येऊ द्या. मग तीन मिनिटं आयडलवर, म्हणजे रेस न देता, राहू देऊन एकदम ३००० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) आसपास रेस द्या. या क्षणी येणारा धूर वेगळा नोंदवा. थंड इंजिनाचा धूर, गरम इंजिनाचा धूर आणि आयडलनंतरच्या रेसचा धूर ही तीन वेगळी दुखणी असू शकतात.

पांढरा: वाफ की कूलंट?

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन गरम असताना ते वायुरूपात निघून जातं. सायलेन्सर थंड असताना त्याची वाफ दिसते, नळीतून थेंबही टपकतात. किनाऱ्यावर पावसाळ्यात हवा आधीच ओलीचिंब असल्याने ही वाफ विरायला वेळ लागतो. दापोलीच्या डिसेंबरातल्या पहाटे किंवा आंबोलीच्या धुक्यात ती आणखी ठळक दिसते. सीएनजी गाड्यांत तर पाणी जास्तच तयार होतं, त्यामुळे त्यांचा पांढरा लोट मोठा असतो.

निरुपद्रवी वाफेच्या खुणा अशा: वास नाही, नळीपासून हात-दोन हातांवर विरते, आणि पाच-दहा मिनिटं गाडी पळाली की बंद होते. गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचा सायलेन्सर कधी पूर्ण तापतच नाही. आत पाणी साचत जातं आणि एखाद्या दिवशी महामार्गाला लागल्यावर सगळं एकदम वाफ होऊन निघतं. तीस किलोमीटर सलग चालवूनही वाफ थांबली नाही तरच पुढचा विचार करा.

कूलंटचा धूर दाट असतो, जमिनीलगत रेंगाळतो, गोडसर वासाचा असतो आणि इंजिन गरम झाल्यावरही चालू राहतो. सोबत बाटलीतली रेघ खाली जाते, पण पुठ्ठ्यावर थेंब नसतो. हे दोन्ही जुळलं तर कूलंट सिलिंडरमध्ये शिरतंय असं धरून पुढच्या चाचण्या करा.

पहिली चाचणी हाताने. थंड गाडी चालू करून मिनिटभरात रेडिएटरचा वरचा होज दाबून बघा. इंजिन तापायच्या आतच तो दगडासारखा टणक झाला तर सिलिंडरमधला दाब कूलंटमध्ये येतोय. दुसरी, रेडिएटरला झाकण असेल तर ते थंड असतानाच उघडून गाडी चालू करा. नुकतंच कूलंट भरलेलं असेल तर सुरुवातीचे बुडबुडे हवेचे असतात, ते थांबतात. न थांबता बारीक बुडबुडे येत राहिले, किंवा कूलंट उसळून बाहेर आलं, तर गाडी बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडणं म्हणजे चेहरा भाजून घेणं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि घाटात दरवर्षी कोणीतरी ते करतंच.

तिसरी चाचणी गॅरेजमध्ये: रेडिएटरच्या तोंडावर निळं द्रव असलेली नळी लावून आतला वायू त्यातून खेचतात. एक्झॉस्टचा वायू असेल तर पेट्रोल गाडीत द्रव पिवळं होतं, डिझेलमध्ये हिरवट. पंधरा मिनिटांचं काम आहे. हेड उघडा म्हणणाऱ्याला आधी ही चाचणी करायला सांगा. ती नसेल तर कूलिंग सिस्टीमचा प्रेशर टेस्ट तरी: झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा, बहुतेक गाड्यांत १ बारच्या आसपास, भरून रात्रभर ठेवायची आणि सकाळी प्लग काढून कोणत्या सिलिंडरमध्ये कूलंट उतरलंय ते बघायचं. ज्या सिलिंडरमध्ये कूलंट जातं तिथला प्लग बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ निघतो.

ऑइलच्या झाकणाखाली पिवळट लोणी दिसलं की लोक लगेच ‘हेड गॅसकेट (हेड आणि इंजिनामधला सांधा बंद ठेवणारी पट्टी) गेली’ म्हणतात. कोकणात ही खूण एकटी विश्वासाची नाही. दमट हवा आणि छोट्या फेऱ्या यांनी फक्त झाकणाखाली असं लोणी जमतं. डिपस्टिकवरचं ऑइल बघा. तेही दुधाळ असेल आणि पातळी वाढली असेल तर पाणी खरंच आत गेलंय, गाडी हलवू नका. डिपस्टिक स्वच्छ असेल तर झाकण पुसा, पन्नास किलोमीटर सलग चालवा, परत बघा.

डिझेल गाडीत आणखी एक वाट आहे. कूलंट कमी होतंय, पांढरा धूर येतोय, पण होज टणक नाही आणि बुडबुडे नाहीत, तेव्हा ईजीआर कूलर (इंजिनाकडे परत वळवलेला धूर कूलंटने थंड करणारा भाग) आतून फुटलेला असू शकतो. हेड उघडण्याच्या आधी तो काढून दाबाने तपासावा. या एका भागापायी पुष्कळ इंजिनं विनाकारण उघडली जातात.

हेड खरोखर उतरवलंच तर नुसती गॅसकेट बदलून बसवू देऊ नका. हेड लेथवाल्याकडे नेऊन सरळपट्टी आणि फीलर गेजने वाक तपासायला सांगा; लहान इंजिनांत चालणारी मर्यादा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. तापलेलं हेड वाकलेलं असतं, आणि वाकलेल्या हेडवर नवी गॅसकेट टिकत नाही. हेडचे बोल्ट एकदाच वापरायचे आहेत का, तेही विचारा. आणि गॅसकेट का गेली याचं उत्तर घेतल्याशिवाय बिल भरू नका. कारण बहुधा कूलंटऐवजी वर्षानुवर्षं भरलेलं पाणी हेच असतं. खाडीलगतच्या विहिरीचं मचूळ पाणी रेडिएटर आणि वॉटर पंप आतून खातं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, किंवा तयार मिश्रण, एवढंच घाला.

डिझेलचा पांढरा धूर डोळ्यांना झोंबला आणि कच्च्या डिझेलचा वास आला तर तो कूलंट नाही, न जळलेलं इंधन आहे. संशय पहिल्यांदा हीटर प्लगवर, म्हणजे थंड इंजिनात सिलिंडर तापवणाऱ्या प्लगवर, जातो. पण इथे थोडं डोकं चालवा. मालवण-वेंगुर्ल्यात सकाळी वीस-बावीस अंश असताना खराब हीटर प्लगसुद्धा खपून जातो, तीच गाडी डिसेंबरात घाटमाथ्यावर मुक्कामाला गेली की सकाळी धुराने अंगण भरते. म्हणजे फक्त वर धूर येत असेल तर हीटर प्लग. मल्टीमीटरने मोजा, चांगल्या प्लगचा रोध साधारण अर्धा ते दोन ओहम भरतो, गेलेला प्लग वाचनच देत नाही. पण किनाऱ्यावरच्या उबेतही रोज सकाळी असा धूर असेल तर डिझेल फवारणारी नोझल गळतेय किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कमी आहे. डिझेल फिल्टरमधलं पाणीही काढून बघा, फिल्टरच्या तळाशी त्यासाठी स्क्रू असतो.

निळा: गाडी ऑइल कुठून पिते

निळसर-करडा, जळक्या तेलाच्या उग्र वासाचा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. यात ‘केव्हा’ हा प्रश्न जवळजवळ पूर्ण उत्तर देतो, आणि कोकणातल्या लोकांना त्यासाठी फुकटची प्रयोगशाळा मिळाली आहे: घाट.

आंबा घाटातून साखरप्याकडे उतरताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा, पाय अॅक्सिलरेटरवरून पूर्ण काढलेला. पेट्रोल इंजिनात अशा वेळी इनटेकमध्ये (हवा आत नेणाऱ्या नळीत) जोरदार ओढ तयार होते आणि व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांड्यावरच्या रबरी टोप्या) कडक झाले असतील तर ऑइल त्यांच्या बाजूने खाली ओढलं जातं. उतार संपल्यावर अॅक्सिलरेटर दाबा. मागच्या गाडीतल्या माणसाला निळा भपकारा दिसला आणि लगेच विरला तर दोष व्हॉल्व्ह सीलचा. सकाळी पहिल्या दोन सेकंदांचा निळा भपकाराही त्याच दिशेला बोट दाखवतो, रात्रभर ऑइल झिरपून खाली बसलेलं असतं. अनेक इंजिनांत सील बदलायला हेड उतरवावं लागत नाही. प्लगच्या भोकातून हवा भरून व्हॉल्व्ह वर धरतात आणि वरूनच सील बदलतात. हे जमणारा मेकॅनिक शोधा.

उलट, कुंभार्ली घाट चिपळूणकडून चढताना, गाडी भरलेली, रेस दाबलेली, आणि निळा धूर सतत येत राहिला तर पिस्टन रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजला आहे. खात्री करायला कॉम्प्रेशन टेस्ट. गरम इंजिन, सगळे प्लग काढलेले, इंधन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी चांगली चार्ज. धडधाकट पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १३ बार दिसतात. मूळ आकड्याइतकाच सिलिंडरा-सिलिंडरातला फरक महत्त्वाचा, तो दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाचन चांगलं वाढलं तर रिंगा. तसंच राहिलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. (डिझेलला वेगळा, जास्त दाबाचा गेज लागतो, पेट्रोलचा लावला तर तो फुटेल.)

पण रिंगांचा खर्च मान्य करायच्या आधी एक स्वस्त वस्तू तपासा: पीसीव्ही व्हॉल्व्ह. क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या पोटातली) वाफ इनटेककडे नेणारा हा छोटा व्हॉल्व्ह तुंबला की आतला दाब वाढतो आणि ऑइल जिथून वाट मिळेल तिथून बाहेर पडतं. इंजिन आयडलवर असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं ठेवा. हलकी ओढ जाणवली तर ठीक. झाकण थडथड उडायला लागलं आणि धुराचे फुसकारे आले तर आधी पीसीव्ही बदला, मग परत बघा. त्यानंतरही झाकण उडतच असेल तर रिंगांकडे वळा. ऑइल वरच्या खुणेच्या वर भरलेलं नाही ना, हेही बघा. सर्व्हिसनंतर लगेच सुरू झालेल्या निळ्या धुराचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असेल तर त्याची इनटेक नळी सैल करून आत बोट फिरवा. ऑइलचा पातळ थर चालतो, डबकं साचलेलं चालत नाही. घाट चढून वर टपरीशी गाडी थांबवली की लगेच चावी काढू नका, मिनिटभर आयडल राहू द्या, नाहीतर लालभडक टर्बोतलं ऑइल जागीच जळतं.

डिझेल टर्बो गाडीत क्वचित एक भयानक प्रकार होतो: टर्बोचं सील जाऊन इंजिन स्वतःचंच ऑइल इंधन म्हणून प्यायला लागतं. आरपीएम आपोआप चढत जातो, मागे दाट निळा-पांढरा धूर, चावी काढली तरी इंजिन बंद होत नाही. मॅन्युअल गाडीत ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन गुदमरवा. हे पहिल्या काही सेकंदांतच जमतं. जमलं नाही तर सगळ्यांना उतरवून लांब जा, बॉनेटमध्ये हात घालू नका.

ऑइल किती लागतं ते मोजायची सोपी पद्धत: वरच्या खुणेपर्यंत भरा, किलोमीटर लिहा, १००० किलोमीटरनंतर त्याच जागी, थंड इंजिनावर, परत त्याच खुणेपर्यंत यायला किती मिलिलिटर लागलं ते मोजा. रत्नागिरीहून मुंबईला जाऊन-येऊन सातशेच्या आसपास होतातच. लहान गाड्यांत दोन खुणांमध्ये साधारण एक लिटर मावतं. जुन्या गाडीला दोनशे-तीनशे मिलिलिटर लागलं तर ऑइल घालत राहा आणि चालवा. अर्ध्या लिटरच्या पुढे गेलं तर कारण शोधा.

काळा: हवा कमी की इंधन जास्त

काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानाने हवा अपुरी. चिऱ्याच्या खाणींच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या निम्म्यातच लाल मातीने लिंपून जातो, म्हणून पहिला डबा तोच उघडा. फिल्टर काढून उजेडाकडे धरा. उजेड आरपार दिसत नसेल किंवा कागद ओला होऊन चिकटला असेल तर नवा घाला. कॉम्प्रेसरची हवा जोरात मारून कागद फाडू नका.

पेट्रोल गाडीत फिल्टर ठीक असूनही धूर काळा, अॅव्हरेज घसरलेलं आणि प्लग कोरड्या काजळीने माखलेले असतील तर स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारं यंत्र, लावा. हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळणारा ब्लूटूथ रीडर बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचं सरकारी मानक) आणि नंतरच्या गाड्यांत बहुतेक चालतो. पी०१७२ म्हणजे मिश्रण जास्त श्रीमंत, हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. पी०११७, पी०११८ म्हणजे कूलंट टेम्परेचर सेन्सरचं सर्किट बिघडलेलं. अशा वेळी इंजिन कायम थंड आहे असं समजून कॉम्प्युटर जास्त पेट्रोल पाठवत राहू शकतो. कोड दिसला की लगेच तो सेन्सर बदलायचा नाही. आधी कनेक्टर काढून बघा. समुद्रकाठच्या हवेत पिना हिरव्या पडतात, कॉन्टॅक्ट क्लीनरने अर्धे कोड निघून जातात. सीएनजी गाडीत धूर फक्त पेट्रोलवर काळा येत असेल आणि गॅसवर बंद होत असेल, तर शोध पेट्रोलच्या इंजेक्टरपुरताच उरतो.

डिझेलमध्ये रेस दाबताच काळा लोट आणि पिकअप गायब, सोबत फुस्स असा आवाज: टर्बो ते इंटरकूलरमधला होज फाटलेला किंवा क्लिपमधून निसटलेला असतो. पी०२९९ कोड तेच सांगतो. होजवर तेलकट ओघळ असतो, तिथेच चीर सापडते. नसेल तर ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडाच अडकलाय का ते पाहावं, आणि शेवटी नोझल.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाड्यांना डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) लागला. अशा गाडीच्या नळीचं तोंड आतून राखाडी, जवळजवळ स्वच्छ असतं. तिथून काळा धूर आला तर डीपीएफ तडकलाय किंवा कोणीतरी काढून टाकलाय. गावात छोट्या फेऱ्या मारणाऱ्यांचं दुखणं वेगळं: डीपीएफला साचलेली काजळी जाळायला सलग गरमी लागते आणि ती मिळत नाही. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला की गाडी महामार्गावर काढा, साठच्या वर वेग, एक गिअर खाली, २००० आरपीएमच्या वर, पंधरा-वीस मिनिटं. मध्येच चहाला थांबून बंद करू नका. या वेळी तापलेल्या लोखंडासारखा वास आणि रेडिएटरच्या पंख्याचा मोठा आवाज नेहमीचाच. डीपीएफ ६०० अंशांच्या आसपास तापलेला असतो, म्हणून त्यानंतर सुक्या गवतावर किंवा पातेऱ्यावर गाडी उभी करू नका. ही प्रक्रिया वारंवार अर्धवट राहिली तर जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी *वाढलेली* दिसली तर खूश होऊ नका, ऑइल बदला.

धूर नाही, पण वास आहे

सुरुवातीला एक सूचना: डिकीत बांगडा मासळीची टोपली किंवा सुकटाची पिशवी असेल तर ती आधी बाहेर काढा. नाक चुकवायला तेवढी पुरते.

सडक्या अंड्याचा वास मागून येत असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर (एक्झॉस्टमधला, धूर शुद्ध करणारा भाग) जास्त इंधनाचा मारा होतोय. बीएस-६ इंधनात गंधक फक्त १० पीपीएम असतं, बीएस-४ मध्ये ५० होतं, त्यामुळे ‘पेट्रोलच खराब’ हे उत्तर पूर्वीइतकं चालत नाही. मिश्रण का श्रीमंत झालं ते शोधा. पी०४२० कोड आला म्हणून नवा कन्व्हर्टर घातला आणि मूळ कारण तसंच ठेवलं, तर नवाही जळेल. पण तोच वास बॉनेटकडून येत असेल तर बॅटरी बघा. इंजिन चालू असताना टर्मिनलवर १४.८ व्होल्टच्या वर वाचन म्हणजे अल्टरनेटर बॅटरीला उकळवतोय.

कच्च्या पेट्रोलचा वास आणि इंजिन थरथरतंय: मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटत नाही. पावसाळ्यात कॉइल आणि प्लगच्या विहिरीत ओल शिरून हे होतं. पी०३०१ ते पी०३०४ मधला शेवटचा आकडा सिलिंडर सांगतो. ती कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावा. दोष तिच्याबरोबर सरकला तर कॉइल गेली, नाही सरकला तर प्लग किंवा इंजेक्टर. चेक लाइट लुकलुकत असेल तर चालवत राहू नका, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटून तो वितळतो. थरथर नाही आणि नुसता वास असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या नळीचा संशय घ्या, आणि गाडी चालूच करू नका. शिमग्यापासून गणपतीपर्यंत उभ्या गाडीतलं पेट्रोल वॉर्निशसारखं वासतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल शोषतं. सुरू होऊन अडखळली तर जुनं पेट्रोल काढून टाका, नव्यात मिसळत बसू नका.

थांबल्यावर बॉनेटमधून जळक्या ऑइलचा वास, मागे निळा धूर मात्र नाही: टॅपेट कव्हरची गॅसकेट गळून थेंब मॅनिफोल्डवर पडतायत. स्वस्त काम आहे, लांबवू नका. केबिनमध्ये गोडसर वास, काचेवर तेलकट धुकं आणि डाव्या बाजूची मॅट ओली: हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. घाट चढताना जळक्या कागदाचा वास क्लचचा, उतरताना आला तर ब्रेकचा. दोन्हींचा एक्झॉस्टशी संबंध नाही.

धूर केबिनमध्ये येतोय

इथे टाळाटाळ चालत नाही. किनाऱ्यावरच्या गाडीचा सायलेन्सर बाहेरून खाऱ्या हवेने आणि आतून साचलेल्या आम्लधर्मी पाण्याने गंजतो. मफलरच्या खालच्या कुशीला, वेल्डाच्या कडेला आणि फ्लेक्सी पाइपला पहिली भोकं पडतात. आवाज फाटका येतो, मग पुढच्या सीटवर धुराचा वास. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नाही, पण त्याच्याबरोबरच्या धुराला असतो. म्हणून केबिनमध्ये एक्झॉस्टचा वास आणि सोबत डोकं जड, मळमळ असेल तर काचा खाली करून थांबा.

तपासणी थंड इंजिनावर: गाडी चालू करून जाड हातमोजा घातलेल्या हाताने फडक्याचा बोळा नळीवर तीन-चार सेकंद धरा. इंजिन घुसमटायला लागलं तर सायलेन्सर घट्ट आहे. कुठून तरी सूं-सूं आवाज आला तर तिथे साबणाचं पाणी शिंपडून भोक शोधा. मफलरच्या तळाला कंपनीनेच ठेवलेलं बारीक भोक पाणी निघण्यासाठी असतं, ते वेल्ड करून बुजवू नका. बुजवलंत तर पुढच्या पावसाळ्यात शेजारी नवं पडेल.

एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या मावत नाहीत म्हणून डिकी उघडी बांधून गाड्या निघतात. चालत्या गाडीच्या मागे हवेचा भोवरा होतो आणि एक्झॉस्ट थेट केबिनमध्ये ओढला जातो. सायलेन्सर नवा कोरा असला तरी. पेट्या टपावर जाऊ द्या. एसी लावून बंद गाडीत झोपणंही त्याच कारणासाठी नको.

पीयूसीची चिठ्ठी वाचा

ती नुसती पोलिसांना दाखवायची नसते. बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल गाडीला मर्यादा कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम. पहिला आकडा वाढलेला आणि दुसरा ठीक असेल तर मिश्रण श्रीमंत आहे. हायड्रोकार्बन एकटंच वाढलं असेल तर मिसिंग किंवा ऑइल जळणं. मागच्या वर्षीची चिठ्ठी जपून ठेवलीत तर धूर डोळ्यांना दिसायच्या आधी घसरण कागदावर दिसते. मोजणी गरम इंजिनावर करून घ्या.

पाण्यात बुडालेली गाडी

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर चावी फिरवून बघण्याचा मोह अशा वेळी सर्वांत महाग पडतो. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी सोडवा, एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टर ओला असेल तर प्लग काढून इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढा, ऑइल आणि फिल्टर बदला, मगच चालू करा, आणि शे-दीडशे किलोमीटरनंतर ऑइल पुन्हा बदला. त्यानंतरचा पांढरा धूर सायलेन्सरमधल्या पाण्याचा असतो, तो तासाभराच्या चालवण्यात संपला पाहिजे.

दुरुस्तीनंतर

व्हॉल्व्ह सील किंवा हेड गॅसकेटचं काम झाल्यावर गाडी पहिल्या दिवशीही धूर सोडते आणि मालक मेकॅनिकशी भांडायला जातो. आधी गेलेलं ऑइल-कूलंट सायलेन्सर आणि कन्व्हर्टरमध्ये चिकटलेलं असतं. महामार्गावर पन्नास-साठ किलोमीटर सलग चालवून ते जळू द्या. मग गाडी रात्रभर उभी ठेवा, बाटलीवर नवी रेघ मारा, खाली पुठ्ठा सरकवा आणि सकाळी मागे पांढरा टिश्यू घेऊन उभे राहा. रेघ आठवडाभर जागची हलली नाही, तर भांडायचं कारण उरलेलं नाही.